१४४ पौंड : एका हौशी शेतकऱ्यामागचा तीनशे वर्षांचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात एका आकड्यापासून करते. १४४.

एक हजार एकर जमीन. लॅम्बोर्गिनी कंपनीचा अवाढव्य ट्रॅक्टर. गहू, बार्ली, मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक, वर मेंढ्या. वर्षभराची मेहनत झाली, धान्य विकून झालं, आणि शेतीचा सल्लागार मालकाला हिशोब वाचून दाखवतो: वर्षाचा नफा, १४४ पौंड. तेव्हाच्या भावाने आपले साधारण १४ हजार रुपये. म्हणजे एकरी चौदा रुपये! चहा आणि वडापावसुद्धा येणार नाही.

तो मालक म्हणजे जेरेमी क्लार्कसन. गाड्यांच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमामुळे जगभर ओळखला जाणारा ब्रिटिश निवेदक. आणि तो हिशोब दाखवणारी मालिका म्हणजे 'क्लार्कसन्स फार्म'. ११ जून २०२१ ला तिचा पहिला सीझन अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. २०२३ मध्ये दुसरा, २०२४ मध्ये तिसरा, २०२५ मध्ये चौथा. चीनमध्ये दोउबान नावाची साइट आहे, तिथे प्रेक्षक सिनेमे-मालिकांना गुण देतात. तिथल्या लोकांनी या मालिकेला दहापैकी नऊच्या वर गुण दिलेत. आता बघा, चीनमधल्या शहरी पोरापोरींना इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याच्या चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचं एवढं काय पडलंय?

हाच आजचा प्रश्न. उत्तर शोधायला आपल्याला थेट १७०१ सालापर्यंत मागे जायचंय. पण आधी माणूस ओळखून घेऊ.

हा माणूस कोण?

क्लार्कसनचा जन्म १९६० चा, डॉनकास्टरचा. त्याचं सगळं नाव गाड्यांवर उभं राहिलं. वेग, धूर, आवाज आणि फटकळ जीभ. पर्यावरणवाल्यांची टिंगल, सरकारची टिंगल, परदेशी लोकांची टिंगल. आपला आणि त्याचा एक जुना हिशोबही आहे. २०११ च्या डिसेंबरमध्ये 'टॉप गिअर'चा भारत विशेष भाग आला. त्यात या मंडळींनी मुंबईत डबे पोचवण्याची डबेवाल्यांशी शर्यत लावली होती. लोकल विरुद्ध मोटार! मुंबईच्या रहदारीत मोटारवाल्यांचं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण त्याच भागात आपल्या कपड्यांवर, खाण्यावर, संडासांवर जे विनोद केले, त्याबद्दल लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली.

पुढे २०१५ मध्ये एका निर्मात्यावर हात उचलल्याच्या प्रकरणात बीबीसीने त्याचा करार वाढवला नाही. तो अ‍ॅमेझॉनकडे गेला. म्हणजे हा काही सर्वांचा लाडका दादा नव्हे. नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हे कामाला येणार आहे.

त्याने २००८ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टनजवळ ही जमीन घेतली. पण ती कसत होता गावातलाच एक शेतकरी. २०१९ मध्ये तो शेतकरी निवृत्त झाला, आणि क्लार्कसन म्हणाला, आता मीच करतो. वय ५९. शेतीचा अनुभव शून्य. शेताचं नाव ठेवलं 'डिडली स्क्वॉट'. इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ काहीच नाही, शून्य, भोपळा.

तीनशे वर्षांपूर्वीचा क्लार्कसन

शेतीतलं काही कळत नसताना पैशाच्या जोरावर शेतात उतरलेला इंग्रज, हा प्रकार नवा नाही. उलट इंग्लंडच्या शेतीचा अर्धा इतिहास अशाच लोकांनी लिहिलाय. 'लिहिलाय' हा शब्द मी मुद्दाम वापरते, का ते कळेलच.

पहिला नमुना, जेथ्रो टल. शिकला वकिली. तब्येतीमुळे वकिली केली नाही, शेतीत आला. आणि कुठे? आजच्या ऑक्सफर्डशायरमध्येच. १७०१ च्या सुमाराला त्याने बी ओळीत पेरणारं यंत्र बनवलं. का बनवलं? तर त्याचे मजूर त्याला हवं तसं पेरायला तयार नव्हते! मुठीने बी फेकायची जुनी रीत त्यांना सोडायची नव्हती. साहेब वैतागले आणि मजुराची जागा घेणारं यंत्रच काढलं. १७३१ मध्ये त्याने पुस्तक छापलं. त्यात ओळीत पेरणी आणि कोळपणी या गोष्टी बरोबर होत्या. पण खताची गरज नाही, माती बारीक केली की झाडाला तीच पुरते, असंही त्याने ठासून सांगितलं. ते साफ चूक होतं.

गंमत म्हणजे ओळीत पेरणं आपल्याकडे नवीन नव्हतं. तुमच्या आजोळी जुनी तिफण बघितली असेल तर आठवा. चाड्यात बी सोडायचं, ते नळ्यांतून तीन ओळींत पडतं. अठराव्या शतकाच्या शेवटी दक्षिण भारतात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी असं अवजार पाहून त्याच्या नोंदी मायदेशी पाठवल्या. आपल्या शेतकऱ्याने मात्र त्यावर पुस्तक लिहिलं नव्हतं.

दुसरा नमुना, खुद्द राजा. तिसरा जॉर्ज, ज्याच्या काळात अमेरिका हातची गेली. लोक त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणायचे. विंडसरला त्याची शेतं होती, आणि शेतीच्या मासिकात तो 'राल्फ रॉबिन्सन' या टोपणनावाने लेख लिहायचा. राजवाड्यातला ब्लॉगरच म्हणा ना!

आणि तिसरा नमुना माझा सर्वांत आवडता. राजाचे लेख ज्या मासिकात यायचे, त्याचा संपादक आर्थर यंग. जन्म १७४१. हा माणूस शेतीत एकदा नाही, पुन्हा पुन्हा बुडाला. पण शेतीवर लिहिण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. तो गावोगाव फिरला, मजुरी किती, भाव काय, एकरी उतारा किती, सगळं टिपून घेतलं. युरोपभर नाव झालं, जॉर्ज वॉशिंग्टनशी पत्रव्यवहार झाला, १७९३ मध्ये सरकारी शेती मंडळाचा तो सचिव झाला. म्हणजे शेतात नापास आणि शेतीच्या गोष्टी सांगण्यात पहिला. ओळखीचं वाटतंय?

या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघांनाही नुकसान परवडत होतं, आणि तिघांचाही आवाज वरून खाली जात होता. साहेब सांगणार, कूळ ऐकणार. आपल्याकडे याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

रेडिओ, टीव्ही आणि शेत

विसाव्या शतकात हा आवाज छापील मासिकातून रेडिओवर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नाचा तुटवडा होता, रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. १९४७ च्या कायद्याने सरकारने शेतमालाला हमी भाव दिले. आता उत्पादन वाढवायचं तर नव्या पद्धती शेतकऱ्यापर्यंत पोचवायच्या कशा? बीबीसीने १ जानेवारी १९५१ पासून देशभर 'द आर्चर्स' नावाची रेडिओ मालिका सुरू केली. एका शेतकरी कुटुंबाची रोजची गोष्ट, आणि गोष्टीच्या पोटात शेतीचा सल्ला. ती आजही चालू आहे.

मग पोटं भरली, शहरं फुगली, आणि १९७५ मध्ये टीव्हीवर 'द गुड लाइफ' आली. लंडनच्या उपनगरातलं एक जोडपं नोकरीच्या धबडग्याला कंटाळून बंगल्याच्या बागेतच भाजी आणि डुकरं पाळायला लागतं. १९९९ मध्ये ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल हा स्वयंपाकावर लिहिणारा माणूस डॉर्सेटमधल्या 'रिव्हर कॉटेज'मध्ये राहायला गेला, मागे कॅमेरा. २००४ मध्ये 'जिमीज फार्म' आलं.

बदल लक्षात येतोय? १९५१ चा कार्यक्रम शेतकऱ्यासाठी होता. नंतरचे कार्यक्रम शेती न करणाऱ्यांसाठी होते. शेत म्हणजे धंदा ही गोष्ट मागे पडली, शेत म्हणजे शांतता, शुद्ध हवा, ताजी अंडी असं चित्र पुढे आलं. आपल्याकडचं 'गावी जाऊन मस्त शेती करू' हे आयटीवाल्यांचं स्वप्न आहे ना, त्याचाच विलायती भाऊ.

मग क्लार्कसनने वेगळं काय केलं?

माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, त्याने उतरंड उलटी केली. पहिल्या सीझनमधला केलेब कूपर आठवा. एकवीस वर्षांचा पोरगा, चिपिंग नॉर्टनच्या बाहेर फारसा न गेलेला, पण ट्रॅक्टरवर बसला की बाप माणूस. क्लार्कसन पेरणीत ओळी वाकड्या करतो, फवारणीसाठी सोडायच्या चाकोऱ्या चुकवतो, आणि हा पोरगा जगप्रसिद्ध माणसाला तोंडावर शिव्या घालतो. टलच्या मजुरांना तीनशे वर्षांपूर्वी जे बोलायचं असेल, ते केलेब कॅमेऱ्यासमोर बोलून टाकतो. साहेब चुकतोय, आणि गड्याला ते कळतंय. इतिहासात आपल्याला फक्त साहेबाची बाजू लिहिलेली मिळते. इथे गडी बोलतो.

आणि म्हणूनच क्लार्कसनचं उद्धट असणं कामाला येतं. एखादा गुणी, नम्र माणूस शिकताना पडला तर आपल्याला कीव येते. तोंडाळ माणूस पडला तर हसू येतं. आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहाटे उठून शेतात गेला, की नकळत आपण त्याच्या बाजूचे होतो.

दुसरी गोष्ट, पाऊस खरा होता. २०१९ चा पावसाळी शरद ऋतू बघा. पेरणी तोंडावर, आणि आभाळ थांबेचना. इंग्रजीत ते पाच वाक्यांत समजावून सांगतात, आपल्याकडे त्याला एक शब्द आहे: वापसा. जमिनीत वापसा आला नाही तर यंत्र कितीही महाग असो, शेतात घालता येत नाही. पुढे २०२० चा फेब्रुवारी तर ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला. आणि मे? इंग्लंडमधला नोंदींमधला सर्वांत कोरडा मे! त्यात कोरोनाचं लॉकडाऊन. त्या वर्षी ब्रिटनचं गव्हाचं पीक एक कोटी टनांच्या खाली गेलं. असं १९८१ नंतर पहिल्यांदाच झालं. कुठल्याही पटकथालेखकाने एवढं एका वर्षात कोंबलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं बुवा.

आणि तिसरी, माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट: हिशोब. टीव्हीवरच्या शेतात कोंबड्या दिसतात, सूर्यास्त दिसतो, खर्च दिसत नाही. इथे चार्ली आयर्लंड नावाचा सल्लागार प्रत्येक उत्साहावर आकड्याचं पाणी ओततो. मेंढ्यांची लोकर कातरायला जेवढे पैसे गेले, तेवढे ती विकून आले नाहीत. तिसऱ्या सीझनमध्ये डुकरं आणली, आणि पिल्लं एकामागून एक दगावायला लागली. तिथे क्लार्कसनचे विनोद बंद पडतात. पावसाचं, रोगाचं, बाजाराचं गणित जमवूनही शेवटी हातात काय, तर १४४ पौंड.

आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं म्हणायचे. ब्रिटनमध्येही शेतीला मान खूप, पण २०२१ पासून ब्रेक्झिटनंतरची नवी व्यवस्था येऊ लागली आणि जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारं जुनं युरोपीय अनुदान दरवर्षी कमी होत गेलं. तो १४४ चा आकडा नेमका त्याच उन्हाळ्यात लोकांच्या घरात पोचला. इतिहासात वेळ साधणं म्हणतात ते हे. ब्रिटिश शेतकऱ्यांनी त्याला आपला मानलं. त्याच वर्षी शेतकरी संघटनेने, म्हणजे एनएफयूने, त्याला पुरस्कार दिला.

पण थांबा

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा भाग म्हणजे जाहिरात होईल.

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा आहे १.३४ हेक्टर. २०१५-१६ च्या कृषी गणनेतला आकडा आहे हा. क्लार्कसनच्या हजार एकरांत महाराष्ट्रातले असे ३०० शेतकरी बसतील. इंग्लंडच्या मापानेही ते मोठंच शेत आहे, तिथली सरासरी साधारण ८८ हेक्टर. आणि १४४ पौंडांवर त्याचं घर चालत नव्हतं. त्याला मालिकेचे पैसे होते. स्वतः क्लार्कसनही हे मालिकेत सांगतो: माझं ठीक आहे, पण बाकीच्या शेतकऱ्यांचं काय? प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो विचारायला त्याला जे व्यासपीठ मिळालं, ते पैशामुळेच मिळालं.

हा पेच २०२४ मध्ये उघड्यावर आला. ३० ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की शेतजमिनीला वारसा करात असलेली पूर्ण सूट जाणार, दहा लाख पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर एप्रिल २०२६ पासून २० टक्के कर लागणार. १९ नोव्हेंबरला हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्यात क्लार्कसनही होता. तिथे बीबीसीच्या पत्रकाराने त्याला नेमकं ठेचलं: तुम्हीच तर पूर्वी म्हणाला होतात की कर वाचवायला जमीन घेतली! तो चिडला. नंतर त्याने खुलासा केला की खरं कारण शिकारीची हौस होतं. कर वाचवण्याचं कारण काय, शिकारीचं काय, दोन्ही ऐकून ज्याच्या चार पिढ्या त्याच मातीत गेल्यात त्याला काय वाटलं असेल?

कारण जमिनीचे भाव चढण्यामागे बाहेरचा पैसाही असतो. ज्याला पिकातून कमवायचंच नाही असा गिऱ्हाईक आला, की ज्याला पिकातूनच कमवायचंय त्याला जमीन घेणं अशक्य होतं. केलेबसारख्या पोराला, ज्याला सगळं येतं, स्वतःचं शेत कधी घेता येईल? मालिका पाहताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

इथे मला पुन्हा आर्थर यंग आठवतो. ऐन उमेदीत तो गावाच्या सामायिक जमिनींना कुंपण घालून मोठी खासगी शेतं करण्याचा कट्टर प्रचारक होता. उत्पादन वाढेल, देश सुधारेल. मग १८०० च्या आसपास तो पुन्हा गावोगाव फिरला आणि ज्यांची गाय चारायची जागा गेली त्यांना भेटला. १८०१ मध्ये त्याने छापून टाकलं की कुंपणाच्या बहुतेक कायद्यांनी गरिबांचं नुकसानच केलंय, आणि पडीक जमीन त्यांना द्या. ज्या शेती मंडळाचा तो सचिव होता, त्या जमीनदारांच्या मंडळाला हे मुळीच आवडलं नाही.

म्हणजे हौशी माणूस शेतात उतरला की तो कुठल्या बाजूला जाईल हे आधी ठरलेलं नसतं. पैशाची उशी असते म्हणून तो बेफिकीर राहू शकतो, आणि तीच उशी असते म्हणून तो खरं बोलूही शकतो.

बोलल्याने काही झालं का?

थोडं झालं. क्लार्कसनला शेतावर रेस्टॉरंट काढायचं होतं. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. ते भांडण दुसऱ्या सीझनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. २०२४ मध्ये सरकारने शेतातल्या जुन्या इमारतींना दुकान वगैरेसाठी वापरण्याचे नियम सैल केले, आणि वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं 'क्लार्कसन कलम'. वारसा कराची मर्यादाही शेतकऱ्यांच्या दबावामुळे डिसेंबर २०२५ मध्ये दहा लाखांवरून २५ लाख पौंडांवर नेली गेली. ते काही एकट्या क्लार्कसनचं यश नाही, वर्षभर ट्रॅक्टर घेऊन थंडीत उभे राहिलेल्या लोकांचं आहे.

आणि शेतीने काही त्याला सूट दिली नाही. २०२५ च्या जुलैच्या शेवटी त्याने जाहीर केलं की त्याच्या गुरांमध्ये क्षयरोग सापडलाय. कितीही चाहते असले तरी रोग गोठ्यात येताना विचारत नाही.

तर माझं मत सांगते. ही मालिका टिकलीय ती विनोदामुळे नाही, निसर्गामुळे नाही. जगभरातल्या शहरी माणसाला आतून माहीत असतं की आपल्या ताटातलं कुठून येतं हे आपल्याला कळत नाही. ते विचारायची लाज वाटते. क्लार्कसन आपल्या वतीने सगळे मूर्ख प्रश्न विचारतो, चुकतो, शिव्या खातो आणि शेवटी कागदावरचा आकडा दाखवतो. टल, राजा जॉर्ज आणि यंग यांनी शेतकऱ्याला शिकवायला लिहिलं. हा शिकणारा म्हणून उभा राहतो. माझ्या लेखी फरक एवढाच, पण तो लहान नाही.

जाता जाता एक काम देते. तुमच्या घरात, नात्यात, मित्रांत कोणी शेती करत असेल तर या आठवड्यात त्यांना एवढंच विचारा: गेल्या हंगामात बियाणं, खत, मजुरी, वाहतूक सगळं वजा जाता एकरी किती उरले? आणि ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका, शेवटपर्यंत ऐका. तो आकडा आणि त्यामागची गोष्ट मला कळवा, नाव न घेता पुढच्या भागात वाचेन. पुढच्या भागात आपण वळू त्याच काळातल्या कुंपणांच्या गोष्टीकडे, सामायिक जमीन गेली तेव्हा इंग्लंडच्या खेड्यांत काय झालं ते. तोपर्यंत, भेटूच!